आता तुम्ही बसा

आपल्या घरांतून वडीलधाऱ्या माणसांना जी वाक्ये नित्य ऐकावयास मिळतात, त्यांत ‘आता तुम्ही बसा’ हे वाक्य सर्वांत गोड आहे. वाचकहो, ते तुम्हीही कधी ना कधी उच्चारले असेल. आई परात घेऊन उठू लागली किंवा वडील पिशवी घेऊन बाजारास निघाले, की घरातील कोणीतरी पुढे होते, हातातील वस्तू काढून घेते आणि म्हणते, “पुष्कळ केलेत आजवर, आता तुम्ही बसा.” या बोलण्यात माया असते, कृतज्ञताही असते. मी हे वाक्य माझ्या सासूबाईंना वर्षभर रोज ऐकविले, आणि पुढे पस्तीस वर्षांनी ते मला ऐकावे लागले. तेव्हा कुठे मला त्याचा अर्थ नीट कळला.

आमचे घर बडोद्यास, दांडिया बाजारामागील एका गल्लीत. यजमानांचे पणजोबा गायकवाडांच्या चाकरीत आले आणि इकडचेच होऊन राहिले. घरात बोलणे मराठी, दाराबाहेर गुजराती. मी १९७० साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासूबाई साठीच्या होत्या. आम्ही सारे त्यांना माई म्हणत असू. घर जुन्या पद्धतीचे, लाकडी आणि दुमजली. स्वयंपाकघर वर आणि न्हाणीघर खाली. मधला जिना इतका उभा, की पाहुणे त्याला शिडी म्हणत. त्या जिन्याच्या तुळईला गाठी मारलेला एक जाड दोर बांधलेला असे. वर जाताना एका हाताने तो धरावयाचा, उतरताना त्याच्याच आधाराने उतरावयाचे. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांचे तेल आणि घाम मुरून तो काळा तुळतुळीत झालेला होता.

माई दिवसातून किती वेळा तो जिना चढत-उतरत, याची मोजदाद कोणी केली नाही. पहाटे खाली स्नान, वर देवपूजा, पुन्हा अंगणात तुळशीला पाणी. मग खांद्याला पिशवी अडकवून खंडेराव मार्केटात भाजीला. तेथून परतताना दोन ओळखीच्या दारांशी थांबून विचारपूस. दुपारी जमिनीवर बसून धान्य निवडणे, संध्याकाळी देवळात. जेवावयास पाटावर बसत आणि उठताना एक हात जमिनीला टेकून सहज उठत. व्यायाम हा शब्द त्यांनी स्वतःसंबंधी कधी उच्चारला नसेल. बडोदे हे तालमींचे आणि आखाड्यांचे गाव. त्या सर्व गोष्टी पुरुषांच्या, अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः त्या शहात्तराव्या वर्षीही दिवसातून दहा-पंधरा वेळा जमिनीवरून उठत आणि सात-आठ वेळा जिना चढत. एवढे त्या काळी मला तिशीपस्तिशीतही जड जात असे.

१९८६ साली त्या मार्केटातून येताना एका सायकलीचा धक्का लागून पडल्या. गुडघ्यास खरचटले, एवढेच. पण आम्ही घाबरलो. खरे सांगावयाचे तर मी लोकलाजेलाही घाबरले. सून शाळेत शिकवते आणि म्हातारी सासू भाजी वाहते, असे गल्ली म्हणेल, ही भीती माझ्या काळजीच्या मागे उभी होती. त्या दिवसापासून भाजी मी आणू लागले. मग जिना बंद झाला. त्यांची खोली खाली केली आणि जेवणाचे ताट तेथेच जाऊ लागले. मग पाट गेला आणि खुर्ची आली. निवडण्याचे धान्यही मी काढून घेतले, कारण ‘डोळ्यांना त्रास’. त्याच दिवाळीस घराला रंग दिला, तेव्हा जिन्याचा तो काळा दोर मी सोडवून टाकला. तो दिसावयास ओंगळ होता आणि आता त्याची गरज कोणाला होती?

माई पहिल्या पहिल्या दिवसांत भांडल्या. “मला काय झाले आहे?” असे विचारीत. पुढे त्यांनी विचारणे सोडले. सहा महिन्यांनी खुर्चीवरून उठताना त्या दोन्ही हात टेकू लागल्या. वर्षाने उठवावे लागू लागले. देवळात जाणे आपोआपच थांबले होते. भाजीवाल्या बाया आणि वाटेवरच्या ओळखी थांबल्या, तशा त्यांच्या गोष्टीही आटल्या. संध्याकाळी मी शाळेतून आले, की विचारावयास त्यांच्याजवळ काही नसे. १९८८ च्या श्रावणात त्या गेल्या. डॉक्टरांनी लिहिले ते निराळे, परंतु घरात आम्ही सारे ‘वयोमान’ म्हणालो. मीही म्हणाले, आणि पुष्कळ वर्षे तसेच मानले.

वयोमानाचा वाटा त्यात असणारच. तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू झिजतात आणि साठीनंतर ही झीज वाढते, हे शास्त्रज्ञांनी मोजून दाखविले आहे. पण त्यांनी दुसरेही मोजले आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्ध स्त्री-पुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवण्यात आले, तर त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सुमारे एक किलोने घटले. अवघ्या दहा दिवसांत! आमच्या माईंना आम्ही दोन वर्षे बसविले होते. याच्या उलट अनुभवही नोंदलेला आहे. बोस्टन येथे ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम, अर्थात जाणकारांच्या देखरेखीखाली, देण्यात आला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची शक्ती सरासरीने दुपटीहून अधिक झाली. नव्वदी गाठलेल्या माणसाचा स्नायूदेखील काम दिल्यास ते स्वीकारतो, असा त्याचा अर्थ. हा वृत्तान्त १९९० साली छापला गेला. माईंना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

आमच्या कमाटी बागेतून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, हे बडोद्याबाहेरच्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. मगर तासन्‌तास काठावर ओंडक्यासारखी पडून राहते आणि प्रसंग येताच विजेसारखी पाण्यात शिरते. निसर्गाने ही सवलत माणसाला दिलेली नाही. आपण पडून राहिलो, की पडूनच राहतो.

आता माझी गोष्ट.

मी २००६ साली शाळेतून निवृत्त झाले. यजमान २०१५ साली गेले. मुलगा आणि सूनबाई बंगळूरला असतात. ‘तू आमच्याकडे ये’ हे त्यांचे म्हणणे मनापासूनचे होते, आणि ‘मी येथे ठीक आहे’ हे माझेही. मला माझ्या एकटीने राहण्याचा अभिमान होता. शेजारणी त्याचे कौतुक करीत आणि मी ते ऐकून घेत असे. घराची दुरुस्ती होऊन स्वयंपाकघर खाली आले होते. टेबल, खुर्च्या, उंच पलंग, सर्व सोयी झाल्या होत्या. जमिनीवर बसण्याचे काही कारणच उरले नव्हते. कोणी न सांगता मी स्वतःलाच बसविले होते, हे माझ्या ध्यानात आले नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये एका पावसाळी रात्री चारच्या सुमारास मी उठले. वीज गेलेली होती. घाईने न्हाणीघराकडे निघाले आणि उंबरठ्याशी डोळ्यांपुढे अंधारी आली. तोल सावरावयास उजवा हात पुढे केला, त्यावरच साऱ्या देहाचा भार पडला आणि मनगटाचे हाड मोडले. दुखणे मी सोसले असते. परंतु मला उठता येईना. गेल्या कित्येक वर्षांत मी जमिनीवरून एकदाही उठले नव्हते. ते कसे करावयाचे, हे माझे शरीर विसरून गेले होते. मोबाइल पलंगाशेजारी आणि दाराला आतून वरची कडी. मी फरशीवरून घसटत दारापर्यंत गेले खरी, पण कडी माझ्या डोक्यावर तीन हात. सात वाजता कामवाली बाई आली आणि दार ठोठावीत राहिली. मी आतून हाका मारीत होते. शेवटी शेजारच्या बेनचा मुलगा मागल्या गॅलरीतून चढून आत आला.

तीन तास मी त्या ओल्या फरशीवर होते. वाचकहो, त्या तीन तासांत मला माई आठवल्या, देव आठवला, असे लिहिणे शोभून दिसले असते. मला आठवत होते ते हे, की मुलाला हे कळता कामा नये.

आणि मी ते कळू दिले नाही. फोनवर सांगितले, “जरा पाय घसरला, बेन लगेच धावून आल्या.” मुलगा-सून दुसऱ्याच दिवशी विमानाने आली. सूनबाई तीन आठवडे राहिल्या, त्यांनी माझी वेणीदेखील घातली. त्या सर्व दिवसांत मी त्यांच्याशी खोटे बोलत होते आणि बेनलाही गप्प राहण्याची गळ घातली होती. दिवाळीत मुलगा आला, तेव्हा तो त्या गॅलरीतून चढलेल्या पोराला धन्यवाद देण्यास गेला आणि त्या भाबड्या मुलाने सर्व सांगून टाकले. मुलगा घरी आला, माझ्यासमोर बसला आणि पुष्कळ वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “आई, तू पडलीस याचे मला काही वाटत नाही. पण आता तू ‘ठीक आहे’ म्हणालीस, की मी त्यावर विश्वास कसा ठेवू?” थोड्या वेळाने म्हणाला, “पुरे झाले. घर बंद कर. आता तू बस.”

त्याचे चूक होते असे मी म्हणू शकत नाही. माझे एकटीने राहणे त्याच्या विश्वासावर उभे होते आणि तो विश्वास मीच मोडला होता. ज्या गोष्टी मी स्वातंत्र्याच्या नावाखाली लपवीत होते, त्यांनीच ते स्वातंत्र्य माझ्या हातून काढून घेतले होते. मी त्याला माईंची गोष्ट सांगितली. तो तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. आजी खुर्चीवर बसलेली त्याला आठवत होती, ती जिना चढत असे हे आठवत नव्हते. अखेर आमचा करार झाला. एक वर्ष मी येथेच राहावयाचे, मात्र जे घडेल ते सांगावयाचे, आणि डॉक्टर व सूनबाई म्हणतील ती प्रत्येक व्यवस्था मान्य करावयाची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. काठीसुद्धा.

डॉक्टरांनी प्रथम चौकशी केली ती पडण्याच्या कारणाची. घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून आणावयास सांगितली. मग निजवून आणि लगेच उभे करून रक्तदाब पाहिला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर मेंदूस रक्त कमी पडून अंधारी येते. माझा २६ ने उतरत होता. रक्तदाबाची एक गोळी मी रात्री घेत होते आणि शिवाय कधी कधी झोपेचीही. झोपेच्या गोळीने वृद्ध माणसाचे पडणे वाढते, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. गोळ्या त्यांनी बदलून दिल्या. (आपल्या मनाने औषध बंद करणे हा मात्र दुसरा खड्डा आहे, त्यात कोणी पडू नये.) अंथरुणातून उठताना आधी कडेवर बसावे, पाय हलवावेत, मनात पन्नास मोजावेत आणि मग उभे राहावे, ही सवय लावली. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढावयाचा मी दोन वर्षे टाळीत होते, तो काढला. दुहेरी काचांच्या चष्म्यातून पायरी उतरताना खालची काच आड येते आणि पायरी धूसर दिसते, म्हणून चालण्यासाठी साधा दूरचा चष्मा निराळा केला.

घरातील बदल थोडे झाले आणि स्वस्त झाले. न्हाणीघरात भिंतीला पोलादी दांडी बसविली. टॉवेल टांगण्याच्या नळीवर कोणी विसंबू नये, ती माणसाचा भार घेत नाही, ऐन वेळी हातात येते. खोलीपासून न्हाणीघरापर्यंत वीज गेल्यावरही जळणारा मंद दिवा लावला. सतरंज्या गुंडाळून ठेवल्या. उंबरठ्याचा प्रश्न अवघड होता. तो काढून टाका, असे सुताराने सुचविले. ज्या उंबरठ्यावर साऱ्या सणांना रांगोळी काढली, तो काढण्यास माझे मन होईना. त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा रुंद पट्टा ओढून घेतला, आता तो काळोखातही दिसतो. वरची कडी काढून दाराला बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप बसविले आणि एक किल्ली बेनकडे दिली. आणि जिन्याला, चाळीस वर्षे होत आली होती, पुन्हा आधार बांधला. आता तो दोर नाही, दोन्ही बाजूंना लाकडी कठडा आहे.

शरीराकडे लक्ष देण्यासाठी फिजिओथेरपीचे शिक्षण घेतलेली एक तरुण मुलगी येऊ लागली. मनगट सुधारल्यावर ती म्हणाली, “मावशी, आता आपण पडणे शिकू.” मला हसू आले. तिने जमिनीवर गादी घातली, मला निजविले आणि सांगितले, आता उठा. उठता येईना, तेव्हा मात्र मला रडू आले. मग तिने पायरीपायरीने शिकविले. आधी घाई न करता पडून राहावयाचे आणि कोठे मोडले तर नाही ना, हे पाहावयाचे. मग कुशीवर वळावयाचे, कोपरावर भार देऊन हातागुडघ्यांवर यावयाचे, तसेच रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपाशी जावयाचे. दोन्ही हात बैठकीवर ठेवून बळकट पायाचे पाऊल पुढे टेकवावयाचे, हातापायांनी जोर देऊन उठावयाचे, वळून खुर्चीत बसावयाचे आणि दम खावयाचा. हाड मोडल्याची शंका असेल तर उठण्याचा खटाटोप न करता हाताशी येईल ते भांडे वाजवीत राहावयाचे. पंधरा दिवसांनी मी एकटी उठले. माझ्या साऱ्या आयुष्यात पदवीच्या परीक्षेचा निकाल सोडल्यास इतका आनंद मला थोड्याच वेळा झाला असेल. तुमच्या घरात साठीपुढचे कोणी असेल, तर एकदा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली हे करून पाहा. ज्यांचे गुडघे धरलेले आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे.

बाकीचे व्यायाम स्वयंपाकघरात सामावले. दूध तापेपर्यंत ओट्याला हात लावून एका पायावर उभी राहते, मग दुसऱ्या. पहिल्या आठवड्यात तीन मोजेपर्यंत पाय टेकत असे, आता वीस मोजते. कुकरच्या शिट्या होईतो हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठते-बसते. फरशीच्या सांध्यावरून टाचेला पंजा लावीत भिंतीच्या कडेने चालते. पाहणाऱ्यास हे वेडेपणाचे वाटेल, आणि बेनला पुष्कळ दिवस वाटलेही. सकाळी अर्धा तास कमाटी बागेत फिरणे आठवड्यातून पाच दिवस होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्यास किमान १५० मिनिटांची जी मर्यादा घातली, ती एवढ्यात भरते. मात्र पासष्टीपुढील माणसांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि शक्ती यांचेही व्यायाम करावेत, असे तीच संघटना सांगते. नुसते फिरणे पुरत नाही, हे माझ्या पिढीस अजून पटलेले नाही.

काठी सर्वांत शेवटी आली. यजमानांची शिसवी काठी दाराशी टांगलेली होती. वापरावयाचीच तर तीच वापरीन, असा मी हट्ट धरला. त्या मुलीने मला चपला घालून सरळ उभे केले आणि काठी शेजारी धरली. हात सहज सोडला असता मनगटाच्या रेषेइतकी मूठ यावयास हवी, ही चार बोटे उंच होती. “उंच काठी खांदा वर ढकलते आणि तोल घालविते,” ती म्हणाली. “एक तर नवी घ्या, नाही तर ही कापा.” दोन महिने मी काहीच केले नाही. काठी खुंटीवर आणि मी घरात. मग एका सकाळी सुताराला बोलावले. त्याने करवत लावली, तेव्हा मी आत जाऊन उभी राहिले. कापलेला तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला, तो अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे. काठीच्या टोकाला त्याने नवे रबरी बूच बसविले. ते गुळगुळीत झाले, की मी बदलते. आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या हातात धरावयाची, हे मी बागेत आतापर्यंत सहा जणांना तरी सांगितले आहे. दुखऱ्या बाजूलाच ती धरणारे पुष्कळ दिसतात.

म्हाताऱ्यांच्या सभांतून नेहमी थोरांचे दाखले दिले जातात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी सत्तरी उलटल्यावर, १९२९ साली, जगप्रवास आरंभिला आणि १९५८ साली शंभराव्या वर्षी ते भारतरत्न झाले. पारडीचे पंडित सातवळेकर १९६८ साली गेले, तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती. हे सर्व खरे आहे आणि वंदनीय आहे. पण असे दाखले ऐकून मी घरी परतत असे ती थोडी ओशाळून, आणि ओशाळलेला माणूस काठी मागत नाही, दांडी बसवीत नाही, पडल्याचे सांगत नाही. व्यासपीठावरून कोणी पायरीची उंची सांगितली असती, तर मी जास्त ऋणी झाले असते. काठी घेण्यास पैसा आड येत असेल, तर २०१७ साली सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना गरजू वृद्धांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र आणि चाकाची खुर्ची यांसारखी साधने विनामूल्य देण्यासाठी आहे. कोणाकडे बोलावे हे सुचत नसेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत दूरध्वनी आहे. लाजेवर मात्र कोणत्याही सरकारपाशी योजना नाही.

कराराचे वर्ष सरले. मुलाने तो वाढवून दिला, आणि पुढल्या वर्षी पुन्हा. दर वेळी काही ना काही नवे कलम घातले जाते. जिन्यावरून पाण्याची बादली न्यावयाची नाही, हे या वर्षीचे. मी त्यानंतर एकदा पडले, बागेच्या वाटेवर. लागले नाही. घरी येऊन चहादेखील न घेता आधी फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग विचारले, “उठलीस कशी?” मी त्याला सविस्तर सांगितले.

बेनशी आमची एक खूण ठरलेली आहे. सकाळी सातपर्यंत मी रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा सरकवावयाचा. न सरकल्यास त्यांनी किल्ली घेऊन यावयाचे. गेल्या माघात एका थंडीच्या सकाळी मला गाढ झोप लागली. जाग आली ती बेन पलंगाशी उभ्या राहून माझ्या नाकाशी हात धरीत होत्या तेव्हा. मी दचकून ओरडले, त्याही ओरडल्या. क्षणभर मला फार राग आला, माझ्याच घरात मला निवांत झोपण्याची सोय उरली नाही म्हणून. मग त्यांचा चेहरा पाहिला. त्या थरथरत होत्या. मी उठून चहा टाकू लागले, तशी त्यांनी हात धरून मला खाली बसविले. त्या दिवशी चहा बेननी केला, आले घालून आणि फार गोड. मी तो बसून प्यायले.